देवाच्या आडून

सासूबाई आमच्याकडे वाशीला राहायला आल्या तेव्हा आमचं घर म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी. सत्तरचं दशक संपत आलं होतं. नवीन वसाहत होती, इमारतींच्या मधे नुसती मोकळी जमीन, आणि वारा आला की धूळ थेट पोळपाटावर. सासरे नगरकडच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते. ते गेले आणि माझे यजमान आईला घेऊन आले. एक ट्रंक, एक वळकटी आणि कापडात गुंडाळलेलं पवित्र शास्त्र, एवढंच सामान.

यजमान बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात पाळ्यांनी कामाला जायचे. मी चेंबूरला एका ऑफिसात टायपिस्ट होते. सकाळी सव्वासातला निघून खाडीपुलावरून बसने जायचं, संध्याकाळी साडेसहाला परत. मुलगी तिसरीत होती. सासूबाई आल्यामुळे तिला शाळेतून आल्यावर घरात कुणीतरी मिळालं, मला आधार झाला. हे मी तेव्हा एकदाही तोंडाने म्हटलं नाही.

आमच्या दोघींचं पटलं नाही. कारणं सगळ्या घरांत असतात तीच. मी मुलीला डब्यात पाव-बटर द्यायचे, त्यांना भाकरी हवी. मी भांडी सकाळी घासायचे, त्यांना खरकटं रात्रभर ठेवलेलं चालायचं नाही. पण भांडण म्हणाल तर आमच्यात कधी झालं नाही. आम्ही ख्रिस्ती घरातल्या होतो, सुशिक्षित होतो, भांडणं आम्हाला शोभत नव्हती. आम्ही प्रार्थना करायचो.

जेवणाआधी साडेसातला कौटुंबिक प्रार्थना असायची. चटई अंथरायची, एक गीत म्हणायचं, शास्त्रातला भाग वाचायचा आणि मग प्रत्येकाने डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना करायची. आधी सासूबाई, मग घरी असले तर यजमान, मग मी, आणि शेवटी मुलगी प्रभूची प्रार्थना म्हणायची. प्रार्थनेत कुणी कुणाला मधे अडवायचं नाही, हा नियम. आणि प्रार्थना संपली की तिच्यावर बोलायचं नाही. देवाशी बोललेल्यावर कोण वाद घालणार?

सुरुवात कुणी केली ते मी प्रामाणिकपणे सांगते. सासूबाईंनी केली. आल्यावर महिनाभरातच त्या एका संध्याकाळी म्हणाल्या, "हे आकाशातल्या बापा, या घरातलं लेकरू रोज पाव खाऊन शाळंला जातंय. त्याच्या पोटाला गरम घास मिळंल अशी कुणाला तरी बुद्धी दे."

माझे कान तापले. माझी वेळ आली तेव्हा मी म्हटलं, "हे प्रभू, जे पहाटे उठून राबतात त्यांचे कष्ट घरात बसणाऱ्यांना दिसावेत, अशी दृष्टी दे."

लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसं. फक्त लेकीच्या जागी आम्ही देवाला बसवलं होतं.

मग ते रोजचंच झालं. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली की मी संध्याकाळची वाक्यं जुळवायचे. खाडीचा वास आत यायला लागला की पूल आला म्हणायचं, आणि पूल संपेपर्यंत माझी प्रार्थना तयार असायची. बोचायला हवी, पण कुणाला बोट ठेवता येऊ नये. मला ते छान जमायचं. वाशीत तेव्हा आमचं चर्च नव्हतं. एका शाळेच्या वर्गात रविवारची उपासना व्हायची, पंधरा दिवसांतून एकदा मुंबईहून पाळकसाहेब यायचे. ते नसले की मंडळीतले लोक मलाच प्रार्थनेला उभं करायचे. "काय भाषा आहे तुमची," म्हणायचे. मी खाली बघून हसायचे. त्या काळात मी एकदा तरी खरोखर देवाशी बोलले होते का, हे आठवायचा मी पुढे खूप प्रयत्न केला. आठवलं नाही.

यजमानांची प्रार्थना सगळ्यात छोटी. "प्रभू, या घरात शांती असू दे. आमेन." त्यांना सगळं कळत होतं.

शेजारी एक कोकणातल्या वहिनी राहायच्या. मधली भिंत कसली, पडदाच तो. त्या एकदा मला म्हणाल्या, "तुमचं बरं आहे हो. आमच्याकडे काही झालं की भांडी आपटतात. तुमच्याकडे कसं, प्रार्थना." त्या मनापासून बोलत होत्या की चेष्टा करत होत्या, मला कळलं नाही. मी विषय बदलला.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. घरातल्यांशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. आठ दिवस रजा घेतली आणि परत बस धरली. सासूबाईंनी त्या आठ दिवसांत मला हलू दिलं नव्हतं, हेही खरं. डिंकाचे लाडू केले, माझे कपडे स्वतः धुतले.

दोन महिन्यांनी आमच्या घरी शनिवारी दुपारी महिलांची सभा होती. दहाएक बायका आल्या होत्या. प्रार्थनेचे विषय सांगा म्हटल्यावर कुणी मुलाच्या परीक्षेचं सांगितलं, कुणी दिराच्या दारूचं. मी चहा गाळत होते. तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला, "माझ्या सुनंसाठी प्रार्थना करा, बायांनो. तिच्या पोटात राहिलं न्हाई. बसचे धक्के खात जाती, आन् कुणाला सांगत बी न्हाई. आतल्या आत झुरती."

मी चहा घेऊन आले तर दहाही जणी माझ्याकडे बघत होत्या. एकीने माझा हात धरला. मला तो हात झटकून टाकावासा वाटला. जे मी नवऱ्यापाशीसुद्धा धड बोलले नव्हते, ते चटईवर सगळ्यांसमोर मांडलेलं होतं.

संध्याकाळी साडेसातला चटई पडली. यजमान होते. माझी वेळ आली. मी शांतपणे म्हटलं, "हे प्रभू, या घरात एक जीभ आहे. तिला दुसऱ्याच्या जखमा उघड्या करायची सवय लागली आहे. तिला स्वतःला आवरता येत नसेल, तर तूच ती बंद कर. आमेन."

दुसरी प्रार्थना असती तर सगळे आमेन म्हणाले असते. यजमान गप्प राहिले. मुलीला काही समजलं नाही, तिने सवयीने म्हटलं. आणि सासूबाई स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाल्या, "आमेन."

त्या दिवसापासून आमचं एकमेकींशी सरळ बोलणं बंद झालं. लागेल ते मुलीकरवी. "आजीला सांग, दूध उतू जातंय." "आईला म्हण, चावी खिळ्याला हाय."

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी सासूबाईंनी प्रार्थनेत म्हटलं, "बापा, माझं डोकं लई दुखतंय. मागून धरतंय, डोळ्यापुढं अंधारी येती. कुणाला सांगू?"

मी डोळे मिटूनच होते. मला वाटलं, आला आजचा बाण. कुणाला सांगू म्हणजे काय, मलाच की. माझी वेळ आल्यावर मी म्हटलं, "प्रभू, दिवसभर टाइपरायटरवर काम करणाऱ्यांचीही डोकी दुखतात. सगळ्यांनाच सहनशक्ती दे."

दोन दिवसांनी त्या तेच म्हणाल्या, थोड्या हळू आवाजात. त्या दिवशी मी काही उत्तर दिलं नाही. उत्तर न देण्यातही एक मजा असते.

त्यानंतरच्या सोमवारी, सकाळी पाणी भरताना, स्वयंपाकघरात कळशी पडल्याचा आवाज झाला. मी धावले. सासूबाई मोरीच्या कडेला बसल्या होत्या, तोंड एका बाजूला ओढलं होतं, उजवा हात मांडीवर दुसऱ्याच कुणाचा ठेवल्यासारखा. सगळीकडे पाणी. त्या माझ्याकडे बघून काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होत्या आणि नुसता आवाज येत होता. खालच्या मजल्यावर एकाचा टेम्पो होता. त्यातून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अर्धांगवायू. रक्तदाब भलताच वाढलेला होता. "आधी काही त्रास होता का? डोकं वगैरे?"

यजमान माझ्याकडे बघायला लागले. ते आदल्या आठवड्यात दुसऱ्या पाळीला होते, संध्याकाळी घरी नव्हते. मी म्हटलं, "तसं काही बोलल्या नाहीत."

हे वाक्य मी बोलले. तेही डोळे उघडे ठेवून.

तीन आठवड्यांनी त्या घरी आल्या. पाय थोडा सावरला, उजवा हात गेला. आणि वाचा गेली. एकच शब्द उरला होता, "आन्". काहीही सांगायचं असलं की "आन्... आन्...", जणू काही मोठं सांगून झालंय आणि आता पुढचं राहिलंय. पुढचं कधी यायचं नाही. मग त्या डाव्या हाताने चादर घट्ट धरायच्या.

मी बिनपगारी रजा घेतली. त्यांना अंघोळ घालायचे, पेज भरवायचे, वेणी घालायचे. मंडळीतले लोक भेटायला यायचे आणि दारातून जाताना म्हणायचे, "अशी सून मिळायला भाग्य लागतं." रविवारी उपासनेला जायचं मी बंद केलं. त्यांना एकटं कसं सोडू, असं सांगायचे. खरं म्हणजे मनात पाप ठेवून प्रभुभोजनाचा प्याला घ्यायचा नसतो, आणि तो माझ्यापर्यंत येईल, याची मला भीती वाटत होती. घरातल्या प्रार्थनेत माझी वेळ आली की मी नुसतं आमेन म्हणायचे. डोळे मिटले की माझंच वाक्य ऐकू यायचं. तूच ती बंद कर.

महिन्याभराने पाळकसाहेब घरी आले. वयस्कर, शांत माणूस, पायजम्याला पुलापलीकडची धूळ. त्यांनी सासूबाईंच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, मग स्वयंपाकघरात स्टुलावर बसून चहा घेतला. मी भिंतीला टेकून उभी होते. मला राहवलं नाही. मी त्या संध्याकाळची प्रार्थना त्यांना शब्दशः सांगितली.

ते म्हणाले, "बाई, देव काय तुमच्या रागाचा नोकर आहे? तुम्ही सांगितलं आणि त्याने जाऊन म्हातारीची वाचा काढून घेतली? असा देव मी तरी कधी शिकवला नाही."

"पण मी मागितलं होतं ना, साहेब."

"मागितलं. ते पाप आहे, त्याची क्षमा मागा. पण आजार रक्तदाबाचा आहे." कप खाली ठेवून ते पुढे म्हणाले, "आणि एक सांगू? ती प्रार्थना देवाने मनावर घेतली असेल असं मला वाटत नाही. पण ती आणखी एका माणसाने ऐकली. देवाकडे सावकाश जा. आधी तिच्याकडे जा."

ते गेले. मला हलकं वाटायला हवं होतं. एवढ्या मोठ्या माणसाने सांगितलं होतं की तुझ्या शब्दाने काही झालं नाही. पण मला उलट जास्तच अस्वस्थ वाटायला लागलं, आणि का ते मला कळेना.

ते कळलं शेजारच्या वहिनींमुळे. त्या दुपारी सासूबाईंजवळ बसायला आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "आजी आजारी पडायच्या आधी आठवडाभर रोज यायच्या माझ्याकडे. बाम चोळून घ्यायच्या मानेला. मी म्हटलं, अहो सुनेला सांगा, डॉक्टरकडे नेईल. तर म्हणाल्या, ती दमून येती, आन् सध्या आमचं बोलणं न्हाई. देवाच्या कानावर घातलंय, तिला ऐकू जाईल."

वहिनींना काही कळलं नाही. मी उठून गॅलरीत गेले आणि वाळत घातलेल्या लुगड्यामागे उभी राहिले.

तिला ऐकू जाईल. मला ऐकू गेलंच होतं. दोनदा. पाळकसाहेबांना मी जिभेची प्रार्थना सांगितली, कारण ती भयंकर होती, पण तिच्यात मी भयंकर असले तरी मोठी होते. माझ्या शब्दाने आभाळातून काहीतरी घडलं होतं. डोकेदुखीचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्यात आभाळाचा काही संबंध नव्हता. एक म्हातारी बाई डोकं दुखतंय म्हणून सांगत होती आणि तीन फुटांवर बसलेली सून तिला टोमणा समजत होती. एखादी सुट्टी काढून तिला डॉक्टरकडे नेलं असतं तर कदाचित गोळीवर भागलं असतं. कदाचित नसतंही. ते मला कधीच कळणार नाही.

तरी त्यांच्याशी बोलायला मला आणखी पंधरा दिवस लागले. रोज ठरवायचे आणि रोज काहीतरी काम निघायचं. शेवटी एका दुपारी त्यांची वेणी घालता घालता बोलले. समोर बसून बोलण्याची हिंमत नव्हती, म्हणून पाठीमागून बोलले. "आई, तुमचं डोकं दुखतंय हे मी ऐकलं होतं. मला वाटलं तुम्ही मला बोलताय. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही मी खोटं सांगितलं. आणि जिभेचं ते बोलले, तेही मनापासून बोलले होते. माझं चुकलं."

त्यांची मान ताठ झाली. वेणी अर्धवट माझ्या हातात होती. त्या वळल्या नाहीत. थोड्या वेळाने डाव्या हाताने त्यांनी वेणी माझ्या हातातून ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

संध्याकाळी माझ्या हातची पेज घेतली नाही. मुलीने भरवली. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी यजमानांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ पायांतल्या चपलांकडे बघत राहिले. "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तरी सांगायचं होतंस," एवढंच म्हणाले, आणि पाळीला निघून गेले.

त्या दोन दिवसांत मी पहिल्यांदा प्रार्थना केली असं म्हणता येईल. सकाळी साडेपाचला नळ यायचा. पाणी भरून झालं की स्वयंपाकघरात पिंपाला टेकून बसायचे. ऐकणारं कुणी नव्हतं, त्यामुळे वाक्यं जुळवण्यात अर्थ नव्हता. आणि वाक्यं न जुळवता देवाशी काय बोलायचं, ते मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं मंडळीत उभी राहून मी प्रार्थना केल्या होत्या, आणि एकटीने बसल्यावर मला "प्रभू" या शब्दापुढे काही सुचत नव्हतं. मी तिथेच बसून राहायचे. कधी रडू यायचं, कधी नुसती झोप. दहा मिनिटांनी उठून गॅस पेटवायचे. फार काही वाटलं असं नाही. पण खोटं बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझ्या हातून दोन घास घेतले. तोंड भिंतीकडेच होतं. चौथ्या दिवशी इकडे वळल्या. डाव्या हाताने माझा दंड धरला आणि खूप जोरात दाबला. तो राग होता की माया, मी विचारू शकत नव्हते आणि त्या सांगू शकत नव्हत्या. दंडावर नखांचे वण उमटले. ते जाऊ नयेत असं मला वाटत होतं.

आजारपणापासून संध्याकाळच्या प्रार्थनेत आम्ही त्यांना वगळून पुढे जायचो. वाचा नाही तर प्रार्थना कशी करणार, असं धरून चाललो होतो. त्या संध्याकाळी मी म्हटलं, "आधी आई." यजमानांनी माझ्याकडे बघितलं. सासूबाईंना मी उशीला टेकवून बसवलं. त्यांनी डोळे मिटले, आणि सुरू झाल्या. "आन्... आन् आन्... आन्..." आवाज चढायचा, उतरायचा, मधेच थांबायचा, विनवणी करायचा. चांगली पाच मिनिटं. त्यात मुलीची शाळा असेल, सासऱ्यांची आठवण असेल, उजवा हात असेल. एके ठिकाणी आवाज एकदम धारदार झाला. तिथे मी असणार, मला खात्री आहे. त्या थांबल्यावर मी आमेन म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा, काय मागितलं ते माहीत नसताना.

त्यानंतर त्या चार वर्षं होत्या. मी पुन्हा कामावर गेले. दिवसा वहिनी त्यांच्याकडे बघायच्या. वाशीत कांदा-बटाट्याचा बाजार आला, रस्त्यांवर ट्रक वाढले, आमच्या समोरच्या मोकळ्या जागेवर इमारती उभ्या राहिल्या. शब्द काही परत आले नाहीत. आमच्यात गोडीगुलाबी झाली असंही नाही. माझ्या हातचं मीठ त्यांना शेवटपर्यंत जास्त वाटायचं, आणि ते एका "आन्" मध्ये त्या मला बरोबर ऐकवायच्या. पण मी आता ऐकत होते. त्यांचा चेहरा बघून पोट दुखतंय की कूस बदलायची आहे, हे मला समजायला लागलं. कुठलीही गोष्ट मी त्यांना सरळ तोंडावर सांगायचे, चिडले असले तरी.

त्या गेल्या तेव्हा मंडळीतल्यांनी मला प्रार्थना करायला सांगितली. मी नको म्हटलं. ते दुःखामुळे असं सगळे समजले आणि मी तसं समजू दिलं. चारचौघांत मोठ्याने प्रार्थना मी त्यानंतर केलेली नाही. पाळकसाहेबांनी एक-दोनदा समजावलं, की क्षमा मिळाल्यावरही शिक्षा भोगत बसणं हासुद्धा एक प्रकारचा गर्वच. असेलही. पण माझा आवाज चांगला आहे हे मला अजून माहीत आहे, आणि म्हणूनच मला भीती वाटते.

सकाळचं बसणं मात्र चालू राहिलं. दहा मिनिटांची वीस झाली, कधी अर्धा तास. देव जवळ आल्यासारखं काही वेळा वाटतं, रोज वाटत नाही. कुणाचं नाव मनात आलं की मी आता त्या नावापाशी थांबते आणि स्वतःला विचारते, हे मी त्या माणसाला सांगितलंय का? बहुतेक वेळा सांगितलेलं नसतं. मग प्रार्थना तिथेच सोडून उठते, चपला घालते आणि त्या माणसाकडे जाते.